भूल उतरल्यानंतर

शस्त्रक्रियेच्या इतिहासात १८४६ हे वर्ष वेदनामुक्तीचे वर्ष म्हणून नोंदले जाते. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन याने रुग्णाला ईथर हुंगवून बेशुद्ध केले आणि शल्यविशारदाने त्याच्या मानेवरची गाठ काढली. परंतु ईथरने, आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोत पुढे आलेल्या क्लोरोफॉर्मने, जी वेदना संपवली ती पोटावर किंवा पायावर सुरी चालत असतानाची. शुद्ध परतल्यावर जखम ठणकू लागे, त्या तासांची आणि दिवसांची दखल वैद्यकाने बराच काळ घेतली नाही, आणि रुग्ण लहान मूल असेल तर ती जवळजवळ सव्वाशे वर्षे घेतली गेली नाही. आज हर्नियाचे किंवा सुंतेचे ऑपरेशन झालेले मूल पालकांच्या हाती परत येते तेव्हा कमरेखालचा त्याचा भाग पुढचे काही तास बधिर असतो आणि ते बऱ्याच वेळा शांत झोपलेले असते. हे ज्या प्रादेशिक भुलीमुळे शक्य झाले, तिची सुई, तिचे औषध आणि ती मुलांना चालते हा अनुभव या तिन्ही गोष्टी १९१० पर्यंत वैद्यकाच्या हातात आलेल्या होत्या. मग मधल्या साठ वर्षांत त्यांचा उपयोग या कामासाठी का झाला नाही, हा या विषयाच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

पूर्ण भुलीत मेंदूच झोपवला जातो, त्यामुळे शरीराच्या कोणत्याही भागातून निघालेला वेदनेचा संदेश जाणवत नाही. संदेश मात्र निघतच असतो. प्रादेशिक भुलीत मेंदूला हात न लावता त्या संदेशाची वाट अडवली जाते, म्हणजे एखाद्या मज्जातंतूभोवती, मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात किंवा त्याही बाहेरच्या आवरणालगतच्या पोकळीत औषध सोडून शरीराचा तेवढाच प्रदेश बधिर केला जातो. द्रवात औषध सोडले तर त्या पद्धतीला स्पायनल म्हणतात, आवरणाबाहेर सोडले तर एपिड्यूरल, आणि एपिड्यूरलच पाठीच्या अगदी तळाशी, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीच्या भोकातून दिले तर कॉडल. या सर्व पद्धतींचे मूळ १८८४ मध्ये आहे. त्या वर्षी व्हिएन्नातील तरुण नेत्रवैद्य कार्ल कोलर याने कोकेनचे थेंब डोळ्यात घातल्यास बुबुळ बधिर होते हे दाखवले आणि सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत त्याचा निबंध वाचला गेला. त्यानंतर अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड याने कोकेन थेट मज्जातंतूंजवळ टोचून हातपाय बधिर करण्याचे प्रयोग केले, ते त्याने स्वतःवरही केले, आणि कोकेनच्या व्यसनाच्या रूपाने त्यांची किंमतही मोजली.

जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर याने ऑगस्ट १८९८ मध्ये कमरेतून मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात कोकेन सोडून पहिली स्पायनल भूल दिली, आणि ज्या पहिल्या सहा रुग्णांचा अहवाल त्याने पुढच्या वर्षी छापला, त्यांत एक ११ वर्षांचा मुलगाही होता. म्हणजे ही पद्धत मोठ्यांवर पुरती पारखून मग भीतभीत मुलांकडे आली असे झाले नाही. मूल पहिल्या तुकडीतच होते. न्यूयॉर्कच्या विल्यम बेनब्रिज याने १९०१ मध्ये तान्ह्या आणि लहान मुलांवर स्पायनलखाली केलेल्या बारा शस्त्रक्रियांचे वृत्त प्रसिद्ध केले. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात टिरेल ग्रे या शल्यविशारदाने १९०९ आणि १९१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात लेखमाला लिहून, कोकेनपेक्षा कमी विषारी अशा स्टोव्हेन या नव्या औषधाने मुलांना आणि अर्भकांना दिलेल्या सुमारे ३०० स्पायनल भुलींचा अनुभव मांडला, आणि मुलांच्या शस्त्रक्रियेत या पद्धतीला पुढे मोठे स्थान मिळेल असे भाकीत केले.

ग्रे आणि त्याचे समकालीन ही भूल का देत होते, हे नीट पाहिले पाहिजे. क्लोरोफॉर्मची धास्ती त्या काळी मोठी होती आणि तिला आधारही होता. न्यूकॅसलजवळ २८ जानेवारी १८४८ रोजी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दोन-तीन मिनिटांत दगावली होती, आणि क्लोरोफॉर्मने झालेला नोंदलेला पहिला मृत्यू तो हाच. आतड्याला पीळ पडलेले, ओकून ओकून सुकलेले तान्हे मूल क्लोरोफॉर्म किंवा ईथर सोसेल की नाही याची खात्री कोणालाच देता येत नसे. शिवाय शस्त्रक्रियेच्या आघाताने रुग्ण खचून जाण्यामागे जखमेतून मज्जारज्जूकडे धावणारे संदेशच आहेत, असे मत त्या पिढीत जोर धरत होते. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइलने तर याच मताच्या आधारे पूर्ण भुलीच्या जोडीला सुरीच्या वाटेतील ऊतकही औषधाने बधिर करण्याची पद्धत सुरू केली होती. या साऱ्या विचारात मुलाचा जीव होता, त्याची नाडी होती, त्याचा श्वास होता. ऑपरेशन आटोपून खाटेवर आल्यावर त्याला दुखेल का, हा मुद्दा जवळजवळ कोठेच नव्हता. स्पायनलचा अंमल तान्ह्या मुलात तासाभरात, फार तर दीड तासात ओसरतो, कारण वजनाच्या मानाने अर्भकाच्या मज्जारज्जूभोवतालचा द्रव मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि औषध त्यात लवकर विरून जाते. त्यामुळे त्या भुलीकडे नंतरच्या वेदनेवरचा इलाज म्हणून पाहण्याचे कारणही फारसे नव्हते. प्रादेशिक भुलीचे हे पहिले आयुष्य पूर्ण भुलीच्या भीतीवर उभे होते, आणि ती भीती ओसरताच ते संपणे क्रमप्राप्त होते.

तरीही काही दशके ते रेंगाळले. पॅरिसमध्ये १९०१ साली फर्नां कातलँ आणि जाँ-अतानाझ सिकार यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्रिकास्थीच्या भोकातून एपिड्यूरल पोकळीत शिरण्याची वाट दाखवली होती. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरेडिथ कॅम्पबेल या मूत्ररोगतज्ज्ञाने याच वाटेने मुलांना कॉडल भूल देऊन मूत्राशय दुर्बिणीने तपासल्याचा अनुभव लिहिला, आणि त्याच वर्षी टोरोंटोतून मुलांच्या स्पायनलवरील एक लेख आला. परंतु तोवर दुसऱ्या बाजूचे पारडे जड होऊ लागले होते. न्यूकॅसलच्या फिलिप एअरने १९३७ मध्ये दुभंगलेल्या ओठाच्या अर्भकांसाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, झडप नसलेली साधी नळी वापरात आणली, त्यामुळे तान्ह्या मुलांना श्वास घेताना होणारे कष्ट कमी झाले. मॉन्ट्रियलमध्ये १९४२ साली हेरल्ड ग्रिफिथने क्युरारे हे, दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत ते, स्नायू ढिले करणारे द्रव्य ऑपरेशनच्या टेबलावर आणले. लिव्हरपूलमध्ये सेसिल ग्रे आणि त्यांचे सहकारी गॉर्डन जॅक्सन रीस यांनी नायट्रस ऑक्साइड, क्युरारे आणि यंत्राने किंवा हाताने दिलेला श्वास यांची सांगड घातली, आणि १९५० मध्ये रीसने ती नवजात बालकांसाठी कशी वापरावी हे लिहिले. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास स्पायनल भुलीची पत एका दुर्घटनेने घसरली: चेस्टरफील्ड येथे १९४७ मध्ये एकाच दिवशी, एकाच ठिकाणी स्पायनल घेतलेल्या दोन पुरुषांचे पाय कायमचे लुळे पडले, आणि त्यांचा दावा १९५४ मध्ये अपिलात निकाली निघेपर्यंत मणक्यात सुई घालण्याची धास्ती भूलतज्ज्ञांच्या एका संपूर्ण पिढीने घेतली. मुलांमधील प्रादेशिक भूल यानंतर बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकातील तळटीप होऊन राहिली.

लिव्हरपूलच्या पद्धतीने असंख्य नवजात बालकांचे प्राण वाचवले, यात शंका नाही; तिने पूर्वी अशक्य असलेल्या शस्त्रक्रिया शक्य केल्या. पण तिची एक दुसरी बाजू होती. नायट्रस ऑक्साइड हा तसा दुबळा वायू आहे, आणि क्युरारे स्नायू ढिले करते, जाणीव घालवत नाही. मोठ्या माणसात भूल अपुरी पडली तर तो हलतो, नंतर सांगतो, तक्रार करतो. क्युरारेने निश्चल केलेले तीन दिवसांचे मूल यांतले काहीच करू शकत नाही. नाजूक बालकाला जास्त औषध सोसणार नाही, म्हणून कमीत कमी द्यावे, हा व्यवहारातला सावधपणा होता आणि तो समजण्यासारखाही आहे. घात झाला तो या सावधपणाला शास्त्राची झूल चढवली गेली तेव्हा. एकोणिसाव्या शतकातच पाउल फ्लेक्सिग या जर्मन संशोधकाने नवजात बालकाच्या मज्जातंतूंवरील मायलिन हे चरबीयुक्त वेष्टण अपुरे असते असे दाखवले होते. न्यूयॉर्कच्या मर्टल मॅग्रॉ हिने १९४१ मध्ये बाळांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिसादाचा वाढत्या वयानुसार अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील प्रतिसाद क्षीण आणि विखुरलेला आढळला होता. टाचणीच्या टोकाने मोजलेल्या या निरीक्षणावरून पुढच्यांनी छाती उघडणाऱ्या शस्त्रक्रियेपर्यंतचे अनुमान काढले: वेष्टण अपुरे, म्हणून तार जोडलेली नाही, तार जोडलेली नाही, म्हणून वेदना नाही. वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंपैकी कित्येक प्रौढपणीही वेष्टणाविनाच काम करतात, हे शरीरशास्त्र तेव्हाही ठाऊक होते. पण सोयीचे अनुमान उलटे तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही.

थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत सबब वेगळी होती. मॉर्फिनने मुलाचा श्वास मंदावेल, त्याला सवय लागेल, शिवाय मुले विसरतात, खेळायला लागतात, सोसतात, अशी ती समजूत होती, आणि १९६८ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकातील लेखात ऑपरेशननंतर मुलांना वेदनाशामक क्वचितच लागते असे निःशंकपणे छापले गेले होते. या समजुतीला पहिला धक्का डॉक्टरांकडून बसला नाही, तो परिचर्येच्या क्षेत्रातून आला. आयोवा येथील परिचारिका-संशोधक जोॲन एलंड हिने शस्त्रक्रिया झालेल्या चार ते आठ वर्षांच्या २५ मुलांचे केसपेपर तपासले आणि १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या मुलांत कोणाचा पाय अपघाताने तुटला होता, कोणाच्या मूत्रपिंडाचा भाग काढला होता. तरी २५ पैकी १३ जणांना रुग्णालयातील संपूर्ण मुक्कामात वेदनाशामकाचा एकही डोस मिळालेला नव्हता आणि उरलेल्या साऱ्यांना मिळून २४ डोस मिळाले होते. तशाच आजारांच्या १८ प्रौढ रुग्णांच्या कागदांवर डोसांची संख्या ६७१ होती. मुलांच्या कागदांवरही औषध लिहिलेले असे, पण ‘लागल्यास द्यावे’ या शेऱ्यासह, आणि ते दंडात किंवा मांडीत टोचायचे असे. सुईला भिणारे मूल नर्सने विचारल्यावर दुखत नाही असेच सांगणार, आणि नर्स तसेच लिहिणार. मुलाने न रडण्याला दुखत नसल्याचा पुरावा मानणारी ही व्यवस्था निर्दय माणसांनी बनवलेली नव्हती, हे तिच्याबद्दल सांगण्यासारखे सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे.

एलंडचा लेख येत होता त्याच दशकात प्रादेशिक भूल परतली, पण दुसऱ्या कारणाने. सुरुवातीचे पुनरागमन तुरळक होते: १९६२ मध्ये एक आणि १९६७ मध्ये ब्राझीलमधील अर्मांदो फोर्तुना याचा एक, असे मुलांच्या कॉडलवर लेख आले, आणि जर्मनीतील श्टार्नबर्गच्या शुल्ट-श्टाइनबर्ग याने त्रिकास्थीतून सोडलेले औषध मुलाच्या वयानुसार किती वर चढते याचे मापन केले. खरा सांधा बदलला तो १९७४ मध्ये. ब्रायन के या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने सुंतेच्या मुलांना पूर्ण भूल दिल्यावर वरून कॉडलही दिले, आणि ते कशासाठी, तर ऑपरेशननंतर त्यांना दुखू नये म्हणून, असे लेखाच्या शीर्षकातच म्हटले. शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल पुरेशी असताना वेगळी सुई घालायची आणि तिचा फायदा मूल जागे झाल्यावर पाहायचा, ही कल्पना टिरेल ग्रेच्या कल्पनेहून पार वेगळी आहे, जरी दोघांच्या हातातले हत्यार जवळजवळ एकच असले. आता कोकेन आणि स्टोव्हेन यांची जागा ब्युपिव्हकेनने घेतली होती. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले आणि साठीच्या दशकात रूढ झालेले हे औषध तासाभराऐवजी चार ते सहा तास, कधी त्याहूनही अधिक टिके. त्यातच सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलांच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढत होते, आणि मॉर्फिनने पेंगुळलेले, ओकणारे मूल घरी पाठवणे डॉक्टरांच्या जिवावर येत असे. टोरोंटोत १९८० मध्ये हर्नियाच्या मुलांच्या जांघेतील मज्जातंतूच बधिर करून घरी पाठवण्याची पद्धत याच अडचणीतून पुढे आली.

इंग्लंडमधील एडवर्ड आर्मिटेज याने १९७९ मध्ये कॉडलच्या मात्रेचे जे साधे कोष्टक दिले, ते आजही भूलशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते: ०.२५ टक्के ब्युपिव्हकेन, सुंतेसारख्या खालच्या ऑपरेशनला किलोमागे अर्धा मिलिलिटर, हर्नियासारख्या जांघेच्या ऑपरेशनला किलोमागे एक, आणि पोटाच्या वरच्या भागापर्यंत बधिरता हवी असेल तर सव्वा. दहा किलो वजनाच्या मुलाच्या हर्नियासाठी याचा अर्थ दहा मिलिलिटर, म्हणजे २५ मिलिग्रॅम औषध असा होतो, आणि किलोमागे अडीच मिलिग्रॅम हीच ब्युपिव्हकेनची सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा आहे. सव्वा मिलिलिटरचा हिशेब केला तर ती ओलांडली जाते, म्हणून तेथे औषध अधिक पातळ करावे लागते. सुई घालण्याची क्रिया पाहणाऱ्याला फार सोपी वाटते. पूर्ण भुलीखालचे मूल कुशीवर वळवून त्याचे गुडघे पोटाशी दुमडतात. कमरेवरच्या दोन खळग्यांना जोडणारी रेषा पाया धरून खाली समभुज त्रिकोण कल्पिला की त्याचे टोक नितंबांच्या फटीच्या जरा वर येते, आणि तेथे बोट फिरवले की हाडाचे दोन छोटे उंचवटे व त्यांच्यामधला मऊ खड्डा लागतो. त्या खड्ड्यावर ताणलेल्या पडद्यातून सुई पार होताना जो ‘टक्’ असा झटका बोटांना जाणवतो, तो एकदा जाणवला की विद्यार्थी विसरत नाही. मग सुई पुढे न रेटता थांबायचे, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येत नाही ना हे पाहायचे, कारण नवजात बालकात मज्जारज्जूचे आवरण मोठ्यांपेक्षा बरेच खालपर्यंत उतरलेले असते, आणि औषध थोडेथोडे करत, हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्यावर नजर ठेवून सोडायचे. मोठ्या माणसात हीच वाट अवघड जाते, कारण पडदा हाडासारखा टणक होतो आणि आतली चरबी घट्ट जाळीदार बनते; सात-आठ वर्षांखालच्या मुलात ती चरबी सैल असते आणि औषध सहज वर पसरते.

मुलाच्या शरीराने या पद्धतीला दिलेली साथ एवढ्यावर थांबत नाही. प्रौढ माणसाला स्पायनल किंवा एपिड्यूरल दिले की रक्तदाब कोसळण्याची भीती असते. आठेक वर्षांखालच्या मुलात तो सहसा हलत नाही. आणि ज्या अपुऱ्या मायलिनवरून बाळाला दुखत नाही असे ठरवले गेले होते, त्याच अपुऱ्या मायलिनमुळे पातळ औषधही बाळाच्या तंतूंत चटकन शिरते आणि थोड्या तीव्रतेत काम भागते. एकाच शरीरशास्त्रीय वस्तुस्थितीतून एका पिढीने इलाज न करण्याचे कारण काढले आणि पुढच्या पिढीने इलाज सोपा असल्याचे, याहून बोलका दाखला वैद्यकाच्या इतिहासात शोधावा लागेल.

नवजात बालकाला वेदना होते हे मान्य व्हायला मात्र १९८७ साल उजाडावे लागले, आणि ते काम ज्याच्या हातून झाले तो संशोधक इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेला होता. कन्वलजीत सिंग आनंद आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १९८७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये अकाली जन्मलेल्या १६ बालकांवरील चाचणी प्रसिद्ध केली. या बालकांची हृदयाजवळची एक उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधायची होती. आठ जणांना लिव्हरपूलच्या परंपरेप्रमाणे नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे, आणि आठ जणांना त्यावर फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक देण्यात आले. फेंटानिल न मिळालेल्यांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकांची पातळी कितीतरी अधिक चढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची साक्ष त्याच्या रक्तातून काढण्याची ही रीत निर्णायक ठरली. त्याच काळात अमेरिकेत, स्नायू ढिले करणाऱ्या औषधाखाली आणि वेदनाशामकाविना आपल्या अकाली जन्मलेल्या मुलावर अशीच शस्त्रक्रिया झाली हे नंतर कळलेल्या एका आईने वर्तमानपत्रांतून तो प्रश्न चव्हाट्यावर आणला, आणि १९८७ मध्येच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने, केवळ वयाच्या कारणावरून नवजात बालकाला भूल आणि वेदनाशामक नाकारू नये, असे जाहीर केले. मुलाची वेदना मोजण्याची साधनेही याच सुमारास तयार झाली. पूर्व ओंटारियोच्या बाल रुग्णालयात १९८५ मध्ये रडणे, चेहरा, धड, पाय आणि जखमेकडे जाणारा हात यांना गुण देणारी पट्टी प्रसिद्ध झाली, आणि कॉडल दिलेल्या व न दिलेल्या मुलांची तुलना आकड्यांत मांडता येऊ लागली.

यानंतरचा विस्तार वेगाने झाला, आणि त्याचे केंद्र बराच काळ फ्रान्समध्ये होते. क्लेर्माँ-फेराँच्या बेर्नार दालँ याने एकेका मज्जातंतूची वाट मुलांच्या शरीरात नव्याने आखली. दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे १९८८ मध्ये ॲड्रियन बोसेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अर्भकाच्या त्रिकास्थीतून बारीक नळी वर सरकवत छातीच्या पातळीपर्यंत नेली, म्हणजे मज्जारज्जूजवळ सुई न नेता मोठ्या ऑपरेशननंतर दिवसेंदिवस औषध देता येऊ लागले. सततच्या औषधाने नवा धोकाही आणला. नवजात बालकाच्या रक्तात ब्युपिव्हकेनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी असते आणि यकृतही ते हळू निकालात काढते, त्यामुळे औषध साचत जाऊन काही मुलांना झटके आले, आणि बॉस्टनच्या चार्ल्स बर्ड याने १९९२ मध्ये अर्भकाला तासाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा आणि मोठ्या मुलाला ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये ही मर्यादा घालून दिली. झोपलेल्या मुलाच्या पाठीत सुई घालणे सुरक्षित आहे का, हा वादही होताच, कारण मोठा माणूस सुई मज्जातंतूला लागली तर ओरडून सांगतो. त्याचे उत्तर मोठ्या नोंदींतून मिळाले: फ्रेंच भाषक भूलतज्ज्ञांनी १९९६ मध्ये २४,४०९ प्रादेशिक भुलींचा हिशेब मांडला तेव्हा २३ गुंतागुंती आढळल्या, त्या सर्व मणक्यातील पद्धतींच्या होत्या आणि एकीनेही कायमचे वैगुण्य ठेवले नाही; अमेरिकेतील रुग्णालयांच्या संयुक्त नोंदीत २०१८ पर्यंत एक लाखाहून अधिक भुली जमल्या आणि तेथेही मज्जासंस्थेची कायमची हानी आढळली नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नातील गटाने सोनोग्राफीच्या पडद्यावर मज्जातंतू पाहून त्याच्याशेजारी औषध सोडण्याची पद्धत रूढ केली, आणि २००५ मध्ये त्यांनी दाखवले की जांघेच्या मज्जातंतूसाठी मुलांना पूर्वीपेक्षा बरेच कमी औषध पुरते. टिरेल ग्रेची स्पायनलही मागे राहिली नाही: अमेरिकेतील व्हर्मांट येथे क्रिश्चन अबाजियन याने १९८४ मध्ये अकाली जन्मलेल्या, पूर्ण भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका असलेल्या बाळांसाठी ती पुन्हा वापरात आणली. पुढे पूर्ण भुलीची औषधे वाढत्या मेंदूला इजा करतात की काय अशी शंका प्राण्यांवरील प्रयोगांतून उभी राहिली तेव्हा, सात देशांतील ७२२ अर्भकांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियांत जागेपणीची स्पायनल आणि पूर्ण भूल यांची तुलना केली गेली. तासाभराच्या आतील पूर्ण भुलीने पाच वर्षांच्या वयापर्यंत बुद्धीवर परिणाम झाल्याचे २०१९ च्या निष्कर्षांत दिसले नाही.

भारतात या इतिहासाला दोन कायद्यांनी वेगळे वळण दिले आहे, आणि त्यांपैकी एकाचाही हेतू मुलांच्या वेदनेशी संबंधित नव्हता. अमली पदार्थांच्या व्यापाराविरुद्ध १९८५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने मॉर्फिन बाळगणे आणि वापरणे परवान्यांच्या इतक्या जाळ्यात अडकले, की लहान रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट कायद्यात सोपी केली असली तरी कपाटात मॉर्फिन नसण्याची सवय कायद्याइतक्या झटपट बदलत नाही. दुसरा कायदा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा. महाराष्ट्राने तो देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला आणि १९९४ मध्ये केंद्राने केला. स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रदेशात तो आवश्यकच होता; परंतु प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि ते वापरण्याच्या जागेची नोंदणी बंधनकारक असल्यामुळे, केवळ मज्जातंतू पाहण्यासाठी यंत्र हवे असलेल्या भूलतज्ज्ञालाही त्याच नोंदवह्यांतून जावे लागते, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात सामान घेऊन फिरणाऱ्या तालुक्याच्या भूलतज्ज्ञाला यंत्र बरोबर नेता येत नाही. अशा ठिकाणी ना परवाना ना यंत्र लागणारी, बोटाने जागा चाचपून एका सुईने दिलेली कॉडल हीच सर्वांत भरवशाची पद्धत उरते. केटामीन किंवा क्लोनिडीनची थोडी मात्रा मिसळून तिचा अंमल काही तासांनी लांबवताही येतो. तरीही सकाळी अकराला दिलेल्या कॉडलचा जोर संध्याकाळपर्यंत ओसरतो, म्हणून बधिरता जाण्याआधीच पॅरासिटामॉलचा पहिला डोस पोटात गेला पाहिजे आणि पुढचे डोस मूल रडण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे दिले पाहिजेत, हे घरी सोडताना आईवडिलांना समजावून कागदावर लिहून द्यावे लागते.